वहिनींच्या ट्रंकेतला कागद: मेंदूतला फुगा आणि सख्ख्या भावंडांचं स्कॅन

तयेचा दिवस, म्हणजे चवथीचा आदला. बाईंना हरतालिकेचा कडक उपास. सकाळी अकराच्या सुमारास आदोळीवर बसून त्या नेवऱ्यांच्या सारणासाठी नारळ खोवत होत्या. खोवता खोवता 'गे आई' म्हणून त्यांनी डोकं धरलं आणि बाजूला कलंडल्या. मग उलटी झाली. पोटात अन्नाचा कण नव्हता, त्यामुळे घरात सगळ्यांनी एकमुखानं निदान केलं: पित्त. जावेनं आलं-लिंबू दिलं, कुणी कपाळाला बाम चोळला. अर्ध्या तासानं मुलानं मला फोन केला. मी म्हटलं, "हनुवटी छातीला लागते का बघ." तो म्हणाला, "मान वाकतच नाही, डॉक्टर. ताठ झालीय." मी म्हटलं, "माझ्याकडे आणू नको. १०८ बोलाव आणि सरळ बांबोळीला ने." बांबोळी म्हणजे गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात गेली पंचवीस वर्षं दवाखाना चालवतो. बाई म्हणजे आमच्या भागातल्या मराठी प्राथमिक शाळेच्या शिक्षिका, तेव्हा वय ५४. ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही तपशील इथे बदलले आहेत. लिहिलेलं त्यांच्या घरी वाचून दाखवलं आहे.

आता जी गोष्ट लिहायला मला जड जाते, ती आधीच लिहितो. तयेच्या आठ दिवस आधी बाई माझ्याकडे आल्या होत्या. शाळेत फळ्यावर लिहिताना एकदम डोक्यात कळ आली, दोन तास राहिली, मग कमी झाली, असं म्हणाल्या. मी प्रेशर मोजलं, १५० वर होतं. पॅरासिटामॉल आणि पित्ताची गोळी दिली, चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. ती कळ बहुधा फुग्यातून झिरपलेल्या रक्ताची होती. मोठ्या स्रावाच्या आधी अशी इशारा देणारी डोकेदुखी येऊन गेल्याचं वेगवेगळ्या पाहण्यांत १० ते ४३ टक्के रुग्णांनी सांगितलं आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं. विचारायला हवा होता तो प्रश्न एकच: दुखणं चढत चढत गेलं, की पहिल्याच क्षणी पूर्ण जोरात आलं? तो मी विचारला नाही.

हे सांगण्याचं कारण असं, की पुढे त्या घराला मी जे जे सल्ले दिले, त्यांच्यावर या चुकीची सावली होती.

बांबोळीला सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्त दिसलं. सीटी अँजिओग्राफीत पुढच्या भागातल्या दोन धमन्यांना जोडणाऱ्या छोट्या वाहिनीवर सात मिलिमीटरचा फुगा सापडला. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. धमनी जिथे फाटे फोडते तिथली भिंत कमकुवत होते, रक्ताच्या दाबानं बाहेर फुगते आणि त्याची चिकूएवढी नव्हे, मिरीच्या दाण्याएवढी पिशवी होते. बहुतेक पिशव्या जन्मभर तशाच राहतात. जी फुटते ती माणसाला जमीनदोस्त करते. अशा रक्तस्रावात साधारण तिघांपैकी एक जण दगावतो आणि काही जण तर इस्पितळाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. बाईंचा फुगा मांडीच्या धमनीतून तार वर नेऊन प्लॅटिनमच्या कॉइलनं भरला. पुढचे दोन आठवडे मेंदूच्या धमन्या आकसण्याची भीती असते, ते त्यांनी काढले. निमोडिपिनच्या गोळ्या एकवीस दिवस, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून. दिवाळीच्या आधी बाई घरी आल्या. नावं पटकन आठवत नाहीत आणि दुपारी फार थकवा येतो. बाकी हातपाय, बोलणं शाबूत.

त्यांना बघायला मी घरी गेलो, तेव्हा ओसरीवर सगळी भावंडं जमली होती. थोरली बहीण, वय ६१, प्रेशरची गोळी चालू. भाऊ पन्नाशीचा, स्वतःचा टिपर, दिवसाला पाकीटभर सिगारेट. धाकटी ४६ ची, पेडण्यात दिलेली. शिवाय बाईंचा मुलगा २१ चा आणि मुलगी २४ ची, तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. चहा येण्याआधीच भावानं विषय काढला, "डॉक्टर, आमचीं सगळ्यांचीं डोकीं स्कॅन करून घेवया. कितें आसा तें पळोवन घेवया." माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. आठ दिवस आधीची ती पित्ताची गोळी मला पुढे ढकलत होती.

मी चार दिवस मागून घेतले.

एकच माणूस असेल तर

पहिल्यांदा साधा हिशेब. अंदाजे शंभर प्रौढांत तिघांच्या मेंदूत न फुटलेला फुगा असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. घरात एका सख्ख्याला, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मुलांपैकी कुणाला रक्तस्राव झाला असेल, तर हा आकडा थोडाच वर सरकतो. नेदरलँड्समध्ये याचीच पाहणी झाली आणि ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. १६० रुग्णांच्या ६२६ सख्ख्या नातेवाइकांची एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रानं मेंदूतल्या धमन्यांची तपासणी, केली. फुगे सापडले २५ जणांत, म्हणजे ४ टक्के. त्यांतल्या अठरा जणांवर शस्त्रक्रिया झाली. सगळं जमेला धरून हिशेब निघाला तो असा: आयुष्यभरात एक रक्तस्राव टाळायला १४९ नातेवाइकांचं स्कॅन करावं लागेल, एक मृत्यू टाळायला २९८ जणांचं. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी अडीच वर्षं जास्त मिळाली, पण त्यापायी सरासरी १९ वर्षं थोड्याफार अधूपणात काढावी लागतील असा अंदाज आला. म्हणजे चांगला चालता-बोलता माणूस आपण होऊन टेबलावर झोपायचा आणि उठताना काहीतरी तिथेच ठेवून यायचा.

तेव्हा कवटी उघडून क्लिप लावणं हाच मुख्य मार्ग होता, आज कॉइल आणि इतर साधनं आहेत, हे खरं. तरी न फुटलेल्या फुग्यावरच्या उपचारांचा २०१९ मधला मोठा आढावा सांगतो, की आतून केलेल्या उपचारांत साधारण ५ टक्के आणि क्लिपिंगमध्ये साधारण ८ टक्के लोकांना काहीतरी गुंतागुंत होते. या आकड्यांवरून एकाच सख्ख्याला फुगा असेल तर सरसकट स्कॅन करू नये, असं जगभर बहुतेक ठिकाणी मानलं जातं.

मी भावाला बोलावून हेच सांगितलं. तो चिडला. "आमकां मरूं दिवप आसा काय तुमकां?" मी म्हटलं, तू सिगारेट सोड, थोरलीचं प्रेशर मी बघतो. फुगा तयार होण्यात आणि फुटण्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा असतो आणि त्या आपल्या हातातल्या आहेत. बाईंच्या पोटाची सोनोग्राफी मात्र करून घेतली. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठींचा आनुवंशिक आजार असला, तर मेंदूत फुगा असण्याची शक्यता कितीतरी वाढते. अशा दहा रुग्णांत साधारण एकाला तो सापडतो आणि मग नातेवाइकांचा सगळा विचारच वेगळा होतो. बाईंची मूत्रपिंडं स्वच्छ होती.

प्रकरण इथे मिटलं असं मला वाटलं होतं.

ट्रंक

या भावंडांत सगळ्यात थोरला एक भाऊ होता. मुंबईला गिरणगावात राहायचा. १९९८ मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी 'अटॅक'नं गेला. माझ्या फाइलमध्ये तेच लिहिलेलं होतं: थोरला भाऊ, हृदयविकार. मीच विचारलं होतं, मीच लिहिलं होतं. आपल्याकडे चाळिशीतला माणूस एकाएकी गेला की तो अटॅकनंच जातो. हृदय की मेंदू, हे विचारायला दुःखाच्या घरात कोण थांबतो?

शिगम्याच्या सुमारास त्याची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, नणंदेला भेटायला गावी आल्या. बाईंची हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "ह्यांचंही असंच झालेलं हो. जेवताना घास हातातच राहिला, डोकं धरलं, भडाभडा ओकले. छातीत दुखतं असं एकदाही म्हणाले नाहीत." बाईंच्या मुलीनं हे मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, त्या वेळचा काही कागद आहे का? कागद होता. एलआयसीच्या क्लेमसाठी वहिनींनी मृत्यूचा दाखला आणि इस्पितळाचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. त्या मुंबईला परतल्या आणि मुलाकडून फोटो पाठवला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला सीटीचा रिपोर्ट. मेंदूच्या आवरणाखाली मोठा रक्तस्राव, फुगा फुटल्याचा संशय.

म्हणजे घरात एक नाही, दोन. एका पाठच्या दोघा सख्ख्यांना.

तो फोटो बघून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. चार महिन्यांपूर्वी भावाला आत्मविश्वासानं दिलेला सल्ला त्या वेळच्या माहितीवर बरोबर होता. माहितीच चुकीची होती. आणि ती चुकीची असू शकेल, असा संशय मला यायला हवा होता.

दोन सख्खे असतील तर गणित पालटतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांनी अशाच, म्हणजे ज्यांच्या दोन किंवा अधिक सख्ख्यांना हे झालं आहे अशा लोकांचं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा स्कॅन केलं. २०१४ मध्ये त्यांनी जे मांडलं त्यानुसार पहिल्याच स्कॅनमध्ये ११ टक्के लोकांत फुगा सापडला. जे स्वच्छ निघाले त्यांच्या पुढच्या स्कॅनमध्ये ८ टक्के, नंतर ५ टक्के. अमेरिकी हृदय आणि पक्षाघात संघटनांच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेतही कुटुंबात दोन किंवा अधिक जणांना फुगा वा असा रक्तस्राव असेल, तर स्कॅन देऊ करावं असं म्हटलं आहे. देऊ करावं, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बांधून नेऊन करावं, असं तिथे म्हटलेलं नाही.

कुणाचे किती सख्खे

मी कोऱ्या कागदावर झाड काढलं. गुंतागुंत तिथे दिसली, कारण एकाच घरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं येत होतं.

थोरली, भाऊ आणि धाकटी यांचे सख्खे दोन: एक गेलेला भाऊ, एक वाचलेली बहीण. या तिघांना स्कॅन देऊ करायचं, यात शंका नव्हती. बाईंच्या मुलांची सख्खी एकच, आई. मामा हा दुसऱ्या पायरीवरचा. वहिनींच्या मुलाचंही तसंच: वडील सख्खे, आत्या दुसऱ्या पायरीवर. मार्गदर्शिकेतले शब्द ढोबळ घेतले तर हे तिघंही 'कुटुंबात दोन'मध्ये बसतात. उट्रेख्टचा हिशेब धरला तर बसत नाहीत. हा करडा पट्टा आहे आणि तिथे वय, प्रेशर, तंबाखू आणि माणसाचा स्वभाव बघून ठरवावं लागतं. स्वभाव मी मुद्दाम लिहितोय.

स्कॅनच्या आधी तिघा भावंडांना मी एकत्र बसवलं. एकच प्रश्न विचारला: "तीन मिलिमीटरचा फुगा सापडला आणि सर्जननं सांगितलं की काहीच करायचं नाही, नुसतं बघत राहायचं, तर तुम्हाला झोप लागेल का?" शिवाय सांगितलं, की एकदा कागदावर आलेली गोष्ट पुढच्या प्रत्येक आरोग्य विम्याच्या अर्जात लिहावी लागते. भाऊ म्हणाला, लागेल झोप. थोरली म्हणाली, देवाच्या मनात असेल तसं. धाकटी काहीच बोलली नाही. आठवड्यानं तिनं फोनवर सांगितलं, "मला नको डॉक्टर. मला कळलं तर मी त्याच्यातच मरेन." मी दोन वाक्यं समजावलं आणि थांबलो. ती बेजबाबदार नाही. तिनं प्रश्न ऐकला, विचार केला आणि उत्तर दिलं.

बाकी दोघांची एमआर अँजिओग्राफी झाली. यात क्ष-किरण नाहीत, सुई टोचून औषध घालावं लागत नाही. अर्धा तास त्या ढोलकी बडवल्यासारख्या आवाजात निश्चल पडून राहायचं, एवढंच.

भावाचं स्कॅन स्वच्छ आलं. थोरलीच्या डाव्या कॅरोटिड धमनीवर, कवटीच्या आतल्या भागात, तीन मिलिमीटरचा फुगा निघाला.

पाकीटभर सिगारेट ओढणारा सुटला आणि तपकिरीलाही हात न लावलेली सापडली, यावर घरात बरंच बोलणं झालं. भावानं तर त्या रात्री मित्रांना पार्टी दिली. "पास झालों" असं म्हणत होता. मला ही सगळ्यात मोठी काळजी वाटली. स्वच्छ स्कॅन म्हणजे आजचा दाखला. उट्रेख्टच्या पुढच्या स्कॅनमध्ये जे ८ टक्के सापडले, तेही आधी 'पास' झालेलेच होते. त्याला पाच वर्षांनी पुन्हा यायचं आहे आणि पाकीट चालूच राहिलं तर मधल्या वर्षांत त्यानं स्वतःच धोका वाढवलेला असेल. हे त्याला तीनदा सांगितलं. पाकीट दहावर आलं आहे, शून्यावर नाही.

थोरलीचा कागद घेऊन आम्ही न्यूरोसर्जनकडे गेलो. त्यांनी फेझेस नावाची गुणपद्धत मांडून दाखवली. वंशसमूह, प्रेशर, वय, फुग्याचा आकार, आधी रक्तस्राव झाला आहे का आणि जागा, अशा सहा गोष्टींचे गुण. प्रेशरचा एक गुण, बाकी सगळीकडे शून्य. पाच वर्षांत फुटण्याची शक्यता ०.४ टक्के. उपचाराचा धोका त्याच्या कितीतरी पट. मी विचारलं, या पद्धतीत घराण्याचा इतिहास धरलेलाच नाही, त्याचं काय? ते म्हणाले, बरोबर आहे. कौटुंबिक फुगे जास्त फुटतात असं एका अमेरिकी पाहणीत दिसलं होतं, पण त्यात प्रत्यक्ष फुटलेले फुगे दोनच होते, त्यावरून टक्केवारी काढणं धाडसाचं. म्हणून इतिहास डोक्यात ठेवायचा आणि फुग्यावर नजर थोडी जास्त ठेवायची. ठरलं ते असं: सहा महिन्यांनी स्कॅन, मग वर्षानं, वाढला नाही तर अंतर वाढवत न्यायचं. वाढला किंवा आकार वेडावाकडा झाला, तर उपचाराचा पुन्हा विचार.

सर्जनच्या खोलीत थोरलीनं मान डोलावली. माझ्याकडे येऊन मात्र म्हणाली, "डॉक्टर, माडाखाली खाट घालून निजल्यासारखं वाटतं." तिनं भजनात वरच्या पट्टीत गाणं बंद केलं. शिंक आली तरी नाक दाबून धरायची, फुटेल म्हणून. फुगडीचं तर नावच नको. कॉइल करून मोकळं व्हावं असा घरच्यांनी धोशा लावला, तो वेगळा. त्या सहा महिन्यांत ती माझ्याकडे अकरा वेळा आली, आणि अकराही वेळा मी प्रेशर मोजून, बसून, तेच बोललो. पहिल्यांदा ते १६० असायचं. मी गोळी बदलली, मिठाची खारवलेली कैरी बंद केली. आता ते १३० च्या आत असतं. याच कारणासाठी तिचं स्कॅन झालं ते बरं झालं, असं मला वाटतं. हा नफा फुग्यापेक्षा प्रेशरनं मिळवून दिला. पण प्रेशरची गोळी नीट बसवायला एमआरआयची गरज नव्हती, हेही मला कळतं.

वहिनींचा मुलगा मुंबईत. त्यानं कुणालाच न विचारता एका खासगी सेंटरमध्ये सीटी अँजिओग्राफी करून घेतली. रिपोर्टमध्ये लिहून आलं: मागच्या जोडवाहिनीच्या मुळाशी दोन मिलिमीटरचा फुगवटा, फुगा असू शकतो. तीन आठवडे घरात जेवण गोड लागलं नाही. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या रेडिओलॉजिस्टनं बघून सांगितलं, की हा फुगा नव्हे. त्या वाहिनीचं मूळ काही लोकांत जन्मतःच नरसाळ्यासारखं रुंद असतं आणि त्याच्या टोकातून वाहिनी सरळ पुढे निघालेली दिसते. त्याला उपचार लागत नाही. स्कॅनचे फायदे-तोटे मांडताना अशा तीन आठवड्यांची किंमत कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

बाईंच्या मुलीचं आम्ही तूर्त थांबवलं. मावशीचा फुगा सापडल्यावर कुटुंबातली संख्या तीन झाली होती, तरी तिची सख्खी एकच. वय कमी, प्रेशर नीट, कसलं व्यसन नाही. बाई एकदा हळूच म्हणाल्या, "स्थळवाल्यांना काय सांगायचं?" मी म्हटलं, आईला झालं ते सांगा, ते लपवण्यासारखं नाही. तिशीला पोचली की तिनं स्वतः ठरवावं. मुलगी तिथेच उभी होती. म्हणाली, "आणि तोपर्यंत?" तोपर्यंतचं मी सगळ्यांनाच लिहून दिलं आहे, स्कॅन झालेल्यांना आणि न झालेल्यांना: डोकेदुखी पहिल्याच मिनिटात आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दुखण्याला पोचली, तर पित्त, उपास, चष्मा, ऊन काही म्हणायचं नाही, १०८ ला फोन करायचा. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटीतून असा रक्तस्राव क्वचितच निसटतो. मग उशीर होईल तशी ती खात्री कमी होत जाते आणि पाठीतून पाणी काढून बघावं लागतं.

तो कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. माझ्या दवाखान्यातही एक आहे, माझ्या खुर्चीतून दिसेल असा.

थोरलीची आतापर्यंत दोन स्कॅन झाली. फुगा तीन मिलिमीटरच. दुसऱ्या रिपोर्टनंतर तिनं विचारलं, "मग आता फुगडी घालू?" मी म्हटलं, घाल. गेल्या चवथीत तिनं घातली म्हणे, एकच फेरा, आणि मग बसून हसत राहिली. धाकटीनं अजून स्कॅन केलेलं नाही. मागच्या महिन्यात पेडण्याहून आली तेव्हा प्रेशर मोजून गेली, १२४ आणि ७८. त्या घरातल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये 'थोरला भाऊ, हृदयविकार' ही ओळ मी लाल पेनानं खोडली आहे आणि वहिनींच्या त्या कागदाची झेरॉक्स मागे टाचून ठेवली आहे.